कुळाचा रकाना

सावद्यात हल्ली लग्न जमवायचं तर पोहे नंतर, आधी थुंकावं लागतं.

कुळमेळ केंद्राचे सरोदे दोन नळ्या घेऊन घरी येतात. एकीत मुलगा थुंकतो, एकीत मुलगी. सरोदे चहा घेत नाहीत, त्यांना पित्त आहे. मग यंत्र दोन्ही नळ्या वाचतं आणि या दोघांना मुलं झालीच तर कशी होऊ शकतील, ते पडद्यावर मांडतं. एक नाही, हजार मुलं. कितींना चष्मा, कितींना चाळिशीत साखर, कितींचं नाक आजोबांवर. होणाऱ्या सासवा त्या हजार चेहऱ्यांवरून बोट फिरवत बसतात आणि जन्माला न आलेल्या नातवंडांना नावं ठेवतात. जन्माला आलेली तेवढ्या वेळ मोकळी खेळतात, हा त्यातला फायदा.

शास्त्र तसं जुनं आहे. माणसाच्या कातडीच्या, स्नायूच्या, यकृताच्या पेशीत डीएनएचे लांबलचक धागे गुंडाळून ठेवलेले असतात. त्या गुंडाळ्या म्हणजे गुणसूत्रं. ती सेहेचाळीस, म्हणजे तेवीस जोड्या. जोडीतलं एक आईकडचं, एक बापाकडचं. बीजपेशी तयार होताना मात्र जोड्या फुटतात आणि प्रत्येक बीजाच्या वाट्याला तेवीसच येतात. तीही जशीच्या तशी येत नाहीत. फुटण्याआधी जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांना बिलगतात आणि आपापले तुकडे बदलून घेतात. म्हणून एकाच आईची दोन बीजं सारखी नसतात आणि सख्खी भावंडं एकमेकांची तोंडं बघत नाहीत. सरोद्यांचं यंत्र शरीराच्या पेशी वाचायचं, हे फोडणं-बदलणं गणितानं हजार वेळा करून बघायचं आणि पडदा भरायचं.

सोबत एक जास्तीचं काम होतं, कुळपट. मुलगी कुठल्या कुळातली, हे तिच्या वडिलांच्या थुंकीशी ताडून बघायचं. आईची थुंकी घेत नसत. "कुळ बापाकडून येतं," सरोदे म्हणायचे, "आईची नळी कशाला वाया घालवायची?" पोरीच्या पेशीतली निम्मी गुणसूत्रं आईची, हे त्यांच्याच यंत्राच्या पहिल्या पडद्यावर रंगीत चित्र काढून दाखवलेलं होतं. ते चित्र लोक चहा येईपर्यंत बघायचे.

शाल्मली भारंबे केळीची रोपं बनवते. गावाबाहेरच्या टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली बाटल्यांच्या रांगा आहेत आणि प्रत्येक बाटलीत बोटाएवढी हिरवी केळ. भुसावळचा निहार झोपे, तिच्या आत्यानं आणलेलं स्थळ, तिला पहिल्यांदा भेटला तो तिथेच. बागांवर फवारणीचे ड्रोन फिरवणाऱ्या कंपनीत तो होता. दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा.

"ही सगळी एकसारखी?" त्यानं बाटल्या बघत विचारलं.

"एकसारखी नाही, एकच. एका कोंबाचे तुकडे. शरीराच्या पेशींपासूनच वाढवलेले. बीजाचा संबंध नाही."

"केळीला बी का नसतं पण?"

"तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात. बीज करायचं तर निम्मे करावे लागतात. तिघांचे दोन सारखे वाटे पडत नाहीत, सगळा घोळ होतो आणि बी धरतच नाही."

"आम्ही तीन भाऊ आहोत. आमचीही वाटणी अडलीय."

"मग तुम्ही केळीच."

तो मनापासून हसला. समोरचा हसला की शाल्मलीला खरं बोलायची हुक्की येते. गावात हा गुण मानत नाहीत. तिनं त्याला ते सांगितलं, जे भारंब्यांच्या घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं.

ती सहा वर्षांची असताना तिच्या हाडांतल्या मगजानं रक्त बनवायचंच सोडून दिलं होतं. आई-पप्पा तिला घेऊन वर्षभर पुण्यात राहिले. घरच्या कुणाचा मगज जुळला नाही. एका अनोळखी बाईचा जुळला. नाव-गाव सांगायचा नियम नव्हता. त्या बाईचा मगज शाल्मलीच्या हाडांत रुजला आणि रक्त बनवू लागला. गावात मात्र सांगितलं होतं, तिचे वडील गिरीशराव कोल्ड स्टोरेजच्या कोर्सला गेलेत. आजारी मुलीला स्थळं येत नाहीत, ही धास्ती ती सहा वर्षांची असतानाच घरात येऊन बसली होती.

"तेव्हापासून माझं रक्त तिचं आहे," शाल्मली म्हणाली. "म्हणजे रक्तातल्या पेशींमधला डीएनए तिचा. बाकी कातडी, केस, सगळी मी आई-पप्पांचीच. पण थुंकीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी भरपूर असतात. म्हणून मी सरोद्यांना थुंकीऐवजी केस देणार आहे. केसाच्या मुळाशी माझ्या स्वतःच्या पेशी असतात."

निहार विचारात पडला. "केस दिलास तर बाबा विचारतील, हिलाच केस का? आजार निघेल. तू थुंक. यंत्र थोडं इकडचं तिकडे दाखवेल, बस. लग्न झालं की घरी मीच सांगतो."

"नक्की?"

"नक्की."

आणि ती थुंकली.

यंत्रानं थोडं इकडचं तिकडे दाखवलं नाही. नळीत दोन माणसांचा डीएनए आहे हे त्याला दिसलं, पण असं काही दिसलं की कमी असलेला तो कचरा आणि जास्त असलेला तो खरा, असं त्याला शिकवलेलं होतं. पांढऱ्या पेशींचं बहुमत होतं. निकाल लागला: मुलीचा बापाशी मेळ नाही. कुळपट ओडिशाच्या किनाऱ्याकडचा.

निकाल आधी मुलाकडे जातो, तशी पद्धतच आहे. मुलाच्या वडिलांनी, यशवंत झोप्यांनी, कुंदाआत्याला फोन केला. आत्या गिरीशरावांची थोरली बहीण, यावलला दिलेली. स्थळ तिनंच आणलं होतं. ती स्कूटरवरून आली आणि पाणीही न घेता म्हणाली, "गिरीश, दार लाव."

"उघडं राहू दे, ताई," शाल्मलीची आई हेमलता म्हणाली. "उजेड येतो."

"मी काही म्हणत नाही हो. यंत्र म्हणतंय." एवढं बोलून आत्या बरंच काही म्हणाली. शेवटी पदर सारखा करत तिनं विचारलं, "शाल्मलीच्या वेळेला आपल्या पॅकिंग हाऊसला तिकडचेच मजूर होते ना गं? ओडिशाकडचे? मी आपलं विचारते."

हेमलता नवऱ्याकडे बघत राहिली. आत्याला माहीत नव्हतं. गिरीशरावांना माहीत होतं. दवाखान्याच्या बाकावर त्यांनीच काढलेली दुपार होती ती, पोरीला दुसऱ्या कुणाचं रक्त चढत असताना. एका वाक्याचं काम होतं.

गिरीशराव केळीच्या घडातला डागाळलेली फणी शंभर पावलांवरून ओळखतात. बोलायची वेळ आली की मात्र त्यांना समोरच्या भिंतीवर पहिल्यांदाच काहीतरी दिसतं. भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "बघू."

आत्या गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"आत्ता सांगितलं असतं तर आजार बाहेर आला असता. पोरीचं जमलेलं मोडलं असतं. तुझं-माझं काय, आपल्याला खरं माहीत आहे."

"मला कुणी सांगायला नकोच आहे," हेमलता कणीक मळत म्हणाली. "तुमच्या बहिणीला कोण सांगणार?"

"एक केस द्यायचा. सरोद्यांनी नळ्या बदलल्या म्हणायचं. केसाचं उत्तर बरोबर येईल, विषय मिटेल."

"येईलच बरोबर," शाल्मली मागून म्हणाली. "म्हणूनच देणार नाही, पप्पा."

"अगं, एक केस."

"आई खरी आहे हे माझा केस सांगणार, मग आत्या मान डोलावणार. आणि मला टक्कल असतं तर?"

हेमलताचं हसू कणकेत पडलं. मग ते थांबलं. "अहो, त्यांनी विचारलं त्याचं मला काही वाटलं नाही. त्या तशाच आहेत, उद्या विसरतील. तुम्ही 'बघू' म्हणालात. काय बघणार होतात?"

स्वयंपाकघरात गिरीशरावांना बघायला भिंतही नव्हती, सगळीकडे मांडण्या.

शाल्मलीनं अंगणात जाऊन निहारला फोन लावला. "घरी सांगितलंस?"

"वातावरण तापलंय गं. तू केस देऊन टाक. मग बघू."

ती आत आली आणि आईला म्हणाली, "हाही 'बघू'च म्हणतो. एकाच कोंबाचे तुकडे."

हेमलतानं हात धुतले. "त्यांना मळ्यात भरताला बोलाव. सगळ्यांना. सरोद्यांनाही म्हणावं या, यंत्र घेऊन. पोरगी केस देणार आहे म्हणून सांग, म्हणजे येतील."

"पण मी देणार नाही."

"देऊ नकोस. बोलवायला काय जातंय?"

हिवाळ्यात खानदेशात माणसं एकमेकांकडे जेवायला जात नाहीत, भरताला जातात. मळ्यात कपाशीच्या काड्यांचा जाळ केला होता आणि त्यात मोठाली हिरवी वांगी भाजत होती. काळी पडलेली सालं काढून हेमलता ती लाकडी उखळात घालत होती आणि हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचत होती. त्या दिवशी ठेचण्यात जरा जास्त जोर होता. झोपे चटईवर, निहार त्यांच्या मागे, आत्या झोपे आणि उखळ यांच्या मधोमध. आपल्याला कुठल्या बाजूची धरतील याची तिला खात्री नसल्यामुळे तिनं दोन्हीकडून सारखं अंतर ठेवलं होतं. वर दूरच्या बागेवर ड्रोन घोंघावत होता.

सरोद्यांनी यंत्र खाटेवर ठेवलं. हल्ली ते टिफिनएवढंच असतं आणि निकाल जागच्या जागी देतं. "केस कुठाय?"

"आधी माझी थुंकी घ्या," हेमलता म्हणाली. हात पदराला पुसत ती पुढे आली.

"काकू, आईची लागत नाही."

"लागत नाही, पण बंदी तर नाही ना? मुलीची पहिली नळी तुमच्याकडे आहे. तिच्याशी ताडून बघा."

सरोद्यांनी झोप्यांकडे बघितलं. झोपे म्हणाले, "घ्या की. लपवायचं काही नसेल तर घ्या." त्यांना वाटलं, आपण मोठं खोचक बोललो.

हेमलता थुंकली. सगळ्यांसमोर, नीट, नळी भरून. मग पुन्हा जाऊन वांगी ठेचू लागली. यंत्र जरा गुरगुरलं. सरोद्यांनी पडदा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"काय आलं?" आत्या म्हणाली.

"आईशी मेळ नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे यंत्राच्या मते ही मुलगी यांची... यांचीसुद्धा नाही."

उखळ थांबलं. कुंदाआत्या उठली.

"असं कसं नाही? सरोदे, मी होते तिथे. फैजपूरच्या दवाखान्यात. हिला कळा येत होत्या तेव्हा हिचा हात माझ्या हातात होता, हे बघा, नखं लागली होती इथं. पोरगी बाहेर आली ती आधी मी घेतली. बापानंसुद्धा नंतर बघितली. आणि तुमचं हे टिफिन म्हणतं हिची नाही?"

"यंत्र कधी..."

"तुमचं यंत्र होतं का तिथं? मी होते."

"ताई," हेमलता शांतपणे म्हणाली, "मग परवा माझ्या दारात तुम्ही याच टिफिनचं ऐकून आला होतात."

आत्यानं तोंड उघडलं. ती बसली. यावलच्या बायका सांगतात की कुंदाताई बोलता बोलता थांबली असं त्यांच्या आयुष्यात कधी झालेलं नाही. त्या मळ्यात नव्हत्या.

हेमलता नवऱ्याकडे वळली. "आता बोलता, की मी बोलू?"

मळ्यात भिंत नव्हती. गिरीशरावांनी केळीकडे बघितलं, मग खाली, मग बहिणीकडे.

"ताई, आम्ही पुण्याला कोल्ड स्टोरेजच्या कोर्सला गेलो नव्हतो."

"मग?"

"पोरगी मरत होती."

मग ते बोलले. अडखळत, मागचं पुढे, पुढचं मागे करत. न बनणारं रक्त, कुणाचाच न जुळलेला मगज, नाव न सांगता देऊन गेलेली ती बाई. "तिचं रक्त आहे हिच्यात. ते यंत्राला दिसलं. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तू हिला विचारलंस तेव्हाही ठाऊक होतं. मी 'बघू' म्हणालो."

"आणि एवढी वर्षं मला नाही सांगितलंस?" आत्याचे डोळे भरले होते.

"तू गावभर केलं असतंस."

"केलंच असतं," आत्या म्हणाली. ती खोटं बोलणारी बाई नव्हे. तिनं हेमलताच्या हातातला लाकडी दांडा काढून घेतला आणि स्वतः भरीत ठेचायला बसली. माफी मागायची तिची हीच रीत होती. हेमलतानं दांडा सोडला, यावरून माफी पोचली असं समजायचं.

झोपे आतापर्यंत मनात बेरीज-वजाबाकी करत होते. आता त्यांचं उत्तर निघालं. "म्हणजे घराण्यात तसं काही नाही. हे चांगलं झालं. आजार मात्र होता."

"होता, काका," शाल्मली म्हणाली. "गेला. मी केळीचे लोंगर, अख्खे घड, उचलते."

"नाही, तरी. शरीरात दोन माणसांचा डीएनए म्हटल्यावर पुढच्या पिढीत कुणाचा उतरेल? आता बीजं बाहेर काढून वाचतात म्हणे मोठ्या शहरात. चारदोन काढायची, वाचायची, स्वच्छ आली की आम्ही तयार आहोत. मी काही मागासलेला माणूस नाही."

"काका, माझी बीजं कधी तयार झाली ठाऊक आहे?"

"कधी?"

"माझ्या जन्माच्या आधी. मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिची बीजं तयार होतात. गुणसूत्रांनी एकमेकांना बिलगायचं, तुकडे बदलायचे, तेही तिथेच होतं. मग ती तशीच थांबून राहतात, वर्षानुवर्षं. त्या बाईचं रक्त आलं मी सहा वर्षांची झाल्यावर, आणि ते हाडांत राहतं. बीजांना त्याचा वारासुद्धा लागलेला नाही. मला जी मुलं होतील ना, त्यांचं निम्मं या आईच्या पोटात एकदा राहून आलेलं आहे." तिनं हेमलताकडे बोट केलं. "हे तुम्हाला माहिती म्हणून सांगितलं. तपासायला एकही देणार नाही."

"शाल्मली," निहार पहिल्यांदाच बोलला, "मी सांगणारच होतो."

झोपे गर्रकन वळले. "तुला माहीत होतं?"

"कधी सांगणार होतास?" शाल्मलीनं विचारलं.

"लग्न झालं की."

"म्हणजे माझ्या आईनं तोवर तशीच बदनाम राहायचं."

निहारनं वर बघितलं. ड्रोन त्याच्याच कंपनीचा होता. त्याच्या उडण्यात त्याला काहीतरी बिघाड दिसला असावा, कारण तो बराच वेळ तिकडेच बघत राहिला.

"एक तपासणी, पोरी," झोपे समजुतीच्या सुरात म्हणाले. "एवढ्यावर कशाला अडतेस? भारंबेसाहेब, तुम्ही सांगा तिला."

सगळे गिरीशरावांकडे बघू लागले. हेमलतानंही बघितलं, पण तिनं श्वास धरला नव्हता. तिनं आधीच ठरवून टाकलं होतं की यापुढे या माणसाकडून काही अपेक्षा करायची नाही. म्हणून जे आलं ते तिला फुकटच मिळालं.

"झोपेसाहेब," गिरीशराव म्हणाले, "जेवून जा. भरीत झालंय. बाकी काही होणार नाही."

झोपे जेवले नाहीत. निहार गाडीत बसताना एकदा वळला, पण वळून काय बोलायचं हे त्यानं ठरवलेलं नव्हतं. भुसावळच्या रस्त्याला धूळ उडाली आणि खाली बसली.

आत्या म्हणाली, "बरं झालं. मला त्या पोराची हनुवटी पहिल्यापासून पटली नव्हती." हे स्थळ तिनंच आणलं होतं, याची आठवण कुणी करून दिली नाही.

सरोदे मात्र अडकले होते. यंत्र बंद होत नव्हतं. "नोंद अर्धवट आहे," ते ओशाळून म्हणाले. "कुळाचा रकाना भरल्याशिवाय मिटत नाही. काय भरू, भारंबेसाहेब?"

"माझं भरा," गिरीशराव म्हणाले. मग जरा थांबून, "हिच्या आईचंही भरा. आणि त्या बाईचं. ओडिशाकडचं जे काय आलंय ते. ती नसती तर नोंद करायला पोरगी कुठून आणली असती?"

"तीन?" सरोद्यांनी मान हलवली. "एकच घेतं हे. त्याला दुसरं समजतच नाही."

"मग उघडं राहू दे," हेमलता म्हणाली. "तुम्ही जेवायला बसा. पित्ताला भरीत चालतं का?"

"चालत नाही."

"मग थोडंच घ्या."

सरोदे बसले. पानं मांडली गेली. खाटेवर यंत्र टुक-टुक करत राहिलं, कुळ द्या, कुळ द्या. पुऱ्या आल्या, कांद्याची पात आली. शेवटी आत्या उठली, तिनं केळीचं एक रुंद पान कापून आणलं आणि यंत्रावर पालथं घातलं. आवाज बराच कमी झाला. मग तिनं शाल्मलीच्या पानात भरताचा मोठा गोळा वाढला, आणि त्याच्या शेजारी दुसरा.

"दोन कशाला, आत्या?"

"एक तुझा," आत्या म्हणाली, "आणि एक तिच्या वाटणीचा. तिचंही रक्त जेवतंय ना. खा."